अत्याचारपीडित स्त्रीचे सावरणे : आधाराची साखळी गावापासूनच

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ वर, वरोऱ्यावरून चंद्रपूरला जाणारा रस्ता जेथे फुटतो, तेथे वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील जाम हे गाव वसले आहे. येथून जवळच असलेल्या हिंगणघाट येथे ३ फेब्रुवारी २०२० रोजी महाविद्यालयात निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला, तिचा पाठलाग करणाऱ्या इसमाने भर रस्त्यात पेटवून दिले. १० फेब्रुवारी रोजी नागपूर येथे तिचे निधन झाले. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, न्यायालयाने आरोपीस जन्मठेप सुनावली. गुन्हेगारास शासन झाले. परंतु शासन होणे आणि स्त्री वाचणे, सावरणे या दोन भिन्न गोष्टी होत. दुसरी गोष्ट केवळ न्यायालयाच्या हाती नसते. तिचा आरंभ गावात होतो.

मौनाचे प्रमाण

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे एक-चतुर्थांश स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसलेली आहे. देशभरात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी अवघ्या १४ टक्के स्त्रियांनी कोणाची मदत मागितली. ७७ टक्के स्त्रियांनी मदत तर मागितली नाहीच, पण कोणास सांगितलेही नाही. ज्यांनी मदत मागितली, त्यांपैकी बहुतेकींनी प्रथम माहेरचे दार ठोठावले. म्हणजे आधाराची पहिली कडी ही शासकीय कचेरी नसून नात्यातील आणि शेजारातील माणसे हीच होय.

सावरण्याची प्रक्रिया

मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आघातातून सावरण्याचे तीन टप्पे सांगितले आहेत : सुरक्षितता, घडलेल्या गोष्टीचे स्मरण व शोक, आणि जीवनाशी पुन्हा नाते जोडणे. हिंसेने माणसाचा इतरांवरील विश्वास तुटतो. म्हणूनच एकाकी अवस्थेत सावरणे होत नाही, ते माणसांच्या संगतीतच होते, हे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. पहिला टप्पा साधल्याशिवाय पुढील दोन साधत नाहीत. म्हणून घर, औषधोपचार आणि अन्न यांची व्यवस्था आधी व्हावयास हवी.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रथम साहाय्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत : ऐकणे, गरजा विचारणे, तिच्या बोलण्यावर विश्वास दर्शविणे, सुरक्षितता वाढविणे आणि पुढील आधाराशी जोडून देणे. यासाठी मोठ्या पदवीची आवश्यकता नाही. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका वा बचत गटातील भगिनी हे काम करू शकते. “तू तेथे गेलीसच कशाला?” हा एक प्रश्न मात्र साखळी पहिल्याच कडीत तोडतो.

सेवाग्रामचा धडा

या जिल्ह्यानेच देशाला एक धडा दिला आहे. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी लैंगिक अत्याचारपीडितांच्या वैद्यकीय तपासणीतील दोष अभ्यासपूर्वक उघड केले, आणि २०१० साली हा प्रश्न जनहित याचिकेद्वारे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आला. पुढे २०१४ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. अपमानास्पद ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरविली, आणि २०२२ साली ती करणे हे गैरवर्तन होय असे स्पष्ट केले. रुग्णालयातील वागणूक हाही उपचाराचा भाग आहे, हे यातून मान्य झाले.

मुंबईत वांद्रे येथील भाभा रुग्णालयातील ‘दिलासा’ केंद्राने याच विचाराने रुग्णालयातच समुपदेशनाची सोय केली. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष हा त्याआधीचा प्रयत्न होय.

गावकऱ्यांनी लक्षात ठेवावे

कोणतेही रुग्णालय, सरकारी असो वा खासगी, बलात्कार वा आम्लहल्ल्यातील पीडितेस विनामूल्य व तात्काळ उपचार देण्यास कायद्याने बांधील आहे. तपासणी तिच्या संमतीनेच होते. एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावयास हवे; म्हणून ‘आधी घरात विचार करू’ असे म्हणून वेळ दवडू नये. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येते, मग घटना कोणत्याही हद्दीतील असो. घरगुती हिंसेविषयी २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे कोणीही माहिती देऊ शकतो. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल जबाबदारी येत नाही. मूल अठरा वर्षांखालील असल्यास गुन्ह्याची खबर देणे हे २०१२ च्या कायद्यानुसार शिक्षकाचेही कर्तव्य आहे, आणि ते टाळणे हा अपराध आहे.

महिला मदतवाणी १८१, आपत्कालीन सेवा ११२ आणि बालकांसाठी १०९८ हे क्रमांक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगविण्यास फार खर्च येत नाही. ‘सखी’ एकथांबा केंद्रात तात्पुरता निवारा, समुपदेशन आणि कायदेविषयक साहाय्य एकाच ठिकाणी मिळते. राज्याच्या ‘मनोधैर्य’ योजनेखाली अर्थसाहाय्य व पुनर्वसनाची सोय २ ऑक्टोबर २०१३ पासून उपलब्ध झाली.

तडजोडीचा मोह

सर्वांत कठीण कसोटी गावातच लागते. गावाची अब्रू जाऊ नये म्हणून उभय पक्षांना बसवून प्रकरण मिटविण्याची इच्छा अनेकदा प्रामाणिकही असते. परंतु बांधाचा वाद आणि बलात्कार यांना एकच माप लावता येत नाही. बलात्कार हा आपसांत मिटविण्याजोगा गुन्हा नाही, आणि अशा बैठकीतून पीडितेच्या वाट्याला दुसऱ्यांदा एकाकीपण येते. पीडितेचे नाव वा ओळख उघड करणे हाही गुन्हा आहे. चावडीवरील चर्चा या दृष्टीने निरुपद्रवी नाही.

सरपंचांनी बैठकीऐवजी वाहनाची सोय करावी, पोलीस पाटलाने खबर द्यावी, शेजारणीने तिच्यासोबत रुग्णालयापर्यंत जावे. पुढे महिनाभराने, वर्षभरानेही तिला हळदीकुंकवाला, बचत गटाच्या बैठकीला आणि शेतावरच्या कामाला पूर्वीप्रमाणेच बोलावणे जावे. खटला चालू असो वा संपलेला असो, हे बोलावणे थांबता कामा नये.