एक आडनाव, तीन माणसे

तुमच्या वर्गात दोन-तीन शेख असतीलच. हजेरी घेताना गुरुजींनी नुसते ‘शेख’ म्हटले, तर ‘हजर’ कोणी म्हणायचे? मुंबईत एका आडनावाचा असाच घोटाळा फार दिवस चालत आला. ते आडनाव म्हणजे एल्फिन्स्टन.

पनवेलहून लोकलने निघून कुर्ल्याला गाडी बदलली, की पुढे परळ स्टेशन येते. परळला लागूनच पश्चिम रेल्वेचे प्रभादेवी स्टेशन आहे. २०१८ पर्यंत त्याचे नाव एल्फिन्स्टन रोड होते. ‘एल्फिन्स्टन कॉलेज ज्यांच्या नावाचे, त्यांचेच हे स्टेशन’, असे पुष्कळांना वाटे. पण ते साहेब वेगळे आणि स्टेशनचे साहेब वेगळे!

एल्फिन्स्टन हे मुळात स्कॉटलंडमधील एका गावाचे नाव. आपल्याकडे पनवेलचा तो पनवेलकर, दिल्लीचा तो देहलवी, तसेच हे. या घराण्यातील तिघे जण हिंदुस्थानच्या इतिहासात येतात.

पहिले माउंटस्टुअर्ट. त्यांचा जन्म १७७९ चा. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीसाठी ते लहान वयातच हिंदुस्थानात आले आणि फारसी शिकले. १८०९ मध्ये पेशावरला जाऊन ते काबूलचा बादशहा शाह शुजा याला भेटले. पुढे ते पुण्यात पेशव्यांच्या दरबारी कंपनीचे वकील झाले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्या दिवशी त्यांचा बंगला जळाला आणि त्यांची पुस्तकेही गेली. दुसऱ्याच वर्षी पेशवाई बुडाली. ती बुडवण्यात त्यांचा मोठा हात होता. मात्र १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असताना त्यांनीच शाळांना आणि देशी भाषांतील पुस्तकांना उत्तेजन दिले. राज्य घेणारा आणि शाळांना मदत करणारा माणूस एकच होता, हे विसरू नये. ते निवृत्त झाले, तेव्हा मुंबईच्या लोकांनी दोन लाख रुपयांहून जास्त वर्गणी जमवली. तिच्यातून जी संस्था उभी राहिली, तिचेच पुढे एल्फिन्स्टन कॉलेज झाले. म्हणजे कॉलेजला नाव साहेबांचे, पण पैसा लोकांचा! दादाभाई नौरोजी, बद्रुद्दीन तय्यबजी आणि डॉ. आंबेडकर तेथेच शिकले.

दुसरे विल्यम, माउंटस्टुअर्ट यांचे चुलतभाऊ. ते सेनापती होते. १८३९ मध्ये इंग्रजांनी त्याच शाह शुजाला काबूलच्या गादीवर परत बसवले. त्याला तेथे टिकवणे अशक्य आहे, असे माउंटस्टुअर्ट यांनी पत्रात लिहिले होते. कोणी ऐकले नाही. १८४१ मध्ये काबूलच्या फौजेची जबाबदारी विल्यम यांच्याकडे आली. ते म्हातारे आणि आजारी होते. जानेवारी १८४२ मध्ये सुमारे सोळा हजार माणसे भर बर्फात काबूल सोडून निघाली. त्यांत हिंदी शिपाई, नोकरचाकर, बायका, मुले असे सगळे होते. थोडे कैद झाले, बहुतेक वाटेतच मेले. १३ जानेवारीला जलालाबादच्या वेशीवर पोहोचला तो एकटा डॉक्टर ब्रायडन. विल्यमही त्याच वर्षी एप्रिलमध्ये कैदेत वारले.

तिसरे लॉर्ड जॉन, माउंटस्टुअर्ट यांचे पुतणे. ते १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. १८५७ मध्ये उत्तरेत बंड पेटले असताना इकडे मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. पनवेलजवळच्या माथेरानलाही त्यांच्या काळात थंड हवेचे ठिकाण म्हणून रूप आले. स्टेशनला नाव होते ते यांचे.

फोर्टमधील गोल बागेभोवतीच्या जागेलाही पूर्वी एल्फिन्स्टन सर्कल म्हणत. स्वातंत्र्यानंतर तिचे हॉर्निमन सर्कल झाले. आता स्टेशनवरची पाटीही बदलली. काकांचे नाव मात्र कॉलेजवर अजून आहे.

स्वाध्याय
१. शाह शुजाचा संबंध कोणकोणत्या एल्फिन्स्टनशी आला?
२. आपल्या गावातील एखाद्या रस्त्याचे नाव कोणाचे आहे, ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.