नव्या माश्यांसाठी जुनी पेटी

पंचवटी, नाशिक
माघ शुद्ध ५

चि. बाळास मामाचे अनेक आशीर्वाद.

काल अक्काचा फोन आला. कांद्याच्या डोंगळ्यांच्या फुलोऱ्यासाठी मागविलेली मेलिफेरा माश्यांची नवी वसाहत तू माळ्यावरच्या जुन्याच पेटीत, तीही आतल्या काळ्या पोळ्यांसकट, बसविणार आहेस असे तिच्याकडून कळले आणि तेव्हापासून मन स्वस्थ नाही. त्या पेटीतील पहिली वसाहत गतवर्षी समूळ गेली हे घरात सर्वांना ठाऊक आहे. ती कशाने गेली, हे मात्र तू अद्याप कोणासही सांगितलेले नाहीस.

‘मेणकिड्याने खाल्ली’ हे तुझे उत्तर मला मान्य नाही. सशक्त वसाहत मेणकिड्यास थारा देत नाही. रोगाने, उपासमारीने अथवा विषाने माश्या क्षीण झाल्या, म्हणजे मगच तो पोळ्यात आपली जाळी विणतो. जाळी दिसली म्हणून चौकशी संपविणे म्हणजे पंचनाम्यावाचून निकाल देणे होय, आणि तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलाकडून मला ही हयगय अपेक्षित नव्हती.

पेटी उघडू तेव्हा उजेडात ती पोळी नीट पाहा. पिल्लांच्या घरांच्या खालच्या भिंतीस काळपट खपली घट्ट चिकटलेली आढळली, तर पोळी, चौकटी सारे खड्ड्यात जाळून टाक. अमेरिकन फाउलब्रूड हा रोग आपल्याकडे क्वचितच दिसतो, परंतु त्याचे बीजाणू लाकडात आणि मेणात ३५ वर्षांहून अधिक काळ तग धरतात, आणि निरोगी माश्या त्याच घरांची साफसफाई करताना तो रोग स्वतःच्या पिल्लांना भरवितात. खपली नसली तरीही जुनी पोळी ठेवू नकोस. पेटी खरवडून, ब्लो-लॅम्पच्या ज्योतीने आतून तपकिरी होईतो भाजून घे आणि चौकटींना नवे मेणपत्रे लाव.

आणि माश्या दारासमोर ढिगाने, जिभा बाहेर काढून मेल्या होत्या काय, हे आठवून पाहा. तसे असेल तर दोष फवारणीचा, आणि मग पेटी कितीही भाजलीस तरी नव्या माश्यांच्या नशिबी तेच येणार. डोंगळ्याच्या फुलातील पराग आधी झडतो व त्याच फुलाचा स्त्रीकेसर मागाहून परिपक्व होतो. म्हणून माशीने दुसऱ्या फुलाचा पराग आणल्यावाचून बी धरणे कठीण. ज्या माशीवाचून बियाणे नाही, तिच्याच अंगावर भरदुपारी औषध मारणाऱ्या शेजाऱ्यांना वसाहत येण्यापूर्वी जातीने भेट. फुलोऱ्यात फवारणी टाळा, आणि अगदीच भाग पडले तर माश्या परतल्यावर तिन्हीसांजेनंतर करा, असे विनवून सांग.

तुझ्या वयात महाबळेश्वरी जाऊन मधुमक्षिकापालन शिकावे अशी माझी फार इच्छा होती. आबांचे आजारपण आणि जमिनीचा दावा एकाच वर्षी आला, मी महसूल कचेरीत चिकटलो, आणि उमेदीची वर्षे दुसऱ्यांचे सातबारे लिहिण्यात गेली. पुढे सेवानिवृत्तीनंतर अंगणात पेटी आली, तेव्हा पहाटे पाय दुमडून तिच्यापाशी बसणे जमेनासे झाले होते. ही हळहळ अजून जात नाही. म्हणूनच तू हा उद्योग आरंभिलास तेव्हा मला किती आनंद झाला, हे मी तुला कधी बोलून दाखविले नाही, आज लिहितो.

पहिली वसाहत गेली त्या रात्री तू जेवला नाहीस, हेही अक्काने मला सांगितले होते. म्हणूनच पुन्हा विचारतो: ती कशाने गेली? तुला दोष देण्यासाठी विचारीत नाही; तुझ्यावर तशी रात्र पुन्हा येऊ नये एवढ्यासाठी.

वसाहत सायंकाळी बसव, दार एका बोटाएवढेच उघडे ठेव, पाक आतच दे. बाहेर सांडलास तर लूटमार माजेल. जाळीवाचून हात घालू नकोस. मागे डोळा सुजला होता तेव्हा अक्का किती रडली, ते तुला ठाऊक नाही. मी शनिवारच्या सकाळच्या एस.टी.ने निफाडला येतो. ब्लो-लॅम्प मीच आणीन, आणि तुला आवडतो तो चिवडाही. पेटी तोवर माळ्यावरच असू दे; दोघे मिळून उघडू.

तुझा,
मामा