मोहफुलं गळायच्या आधी

चंद्रपूर
१६ नोव्हेंबर

चि. छोटीस,


तुझं पत्र आणि सोबतचा जाडजूड प्रोजेक्ट रिपोर्ट, दोन्ही वाचले. तुझा प्रश्न सरळ आहे. मोहफुलांच्या लाडवांचा उद्योग अहेरीत सुरू करायचा तर आधी असा आराखडा लागतोच का, की तुझ्या बचत गटातल्या बायका म्हणतात तशी आधी कढई चढवावी आणि मग बघावं? माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात झाली, त्यामुळे मी आराखड्याच्या बाजूने बोलेन असं तुला वाटलं असेल. सरसकट तसं मी बोलणार नाही. पण गटाचं म्हणणंही तुझ्या या मालाला लागू पडत नाही, आणि ते का पडत नाही, हे नीट समजून घे.

आलापल्लीच्या चौकात कुणी पोह्यांची गाडी लावतो. आज पोहे उरले तर उद्या कमी भिजवतो. चौकात गिऱ्हाईक नसेल तर गाडी बसस्टँडकडे नेतो. त्याची चूक एका दिवसाची आणि नुकसानही एका दिवसाचं. त्याला आराखडा लिहायला बसवणं म्हणजे त्याचा धंद्याचा दिवस बुडवणं. जिच्या घरात मशीन आहे आणि जिला शेजारणींचे ब्लाऊज शिवायचे आहेत, तिलाही आराखडा नको. जिथे थोड्या पैशात सुरुवात होते, चूक लगेच कळते आणि दुसऱ्या दिवशी सुधारता येते, तिथे करत करत शिकणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

लिज्जत पापडाचं उदाहरण तू पत्रात दिलं आहेस. ते खरंच आहे. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने घेतली. त्यांच्याकडे प्रोजेक्ट रिपोर्ट नव्हता. पण दोन गोष्टी ध्यानात घे. उडदाची डाळ मुंबईच्या बाजारात बाराही महिने मिळते. उद्या लागेल तेवढी उद्या आणता येते. आणि त्यांना सुरुवातीपासून छगनलाल पारेख यांच्यासारखे वडीलधारे भेटले, ज्यांनी हिशेब चोख ठेवायला लावलं. आराखडा नव्हता, पण वही पहिल्यापासून होती.

मोहाचं तसं नाही. फुलं मार्चच्या सुमारास गळू लागतात आणि एप्रिलमध्ये हंगाम आटोपतो. जे काही स्वस्त आणि चांगलं मिळायचं ते त्याच पाच-सहा आठवड्यांत. ताज्या फुलात पाणीच जास्त, वाळल्यावर पाव-पंचमांश वजन उरतं. पावसाळ्यात ओल धरली की तीच फुलं काळवंडतात, आंबतात, त्यांना कीड लागते. म्हणजे वर्षभराचा कच्चा माल तुला एका दमात घ्यायचा आहे, सांभाळायचा आहे, आणि तो चुकला तर पुढच्या मार्चपर्यंत दुरुस्ती नाही. पोहेवाल्याची चूक दिवसाची, तुझी वर्षाची. म्हणून तुला कागद-पेन घेऊन बसायला हवं. धंदा लहान की मोठा याचा इथे संबंध नाही. एकदा घातलेला पैसा परत फिरवता येतो की नाही, एवढंच बघायचं.

आता तू पाठवलेल्या रिपोर्टाकडे येते. ज्याने तो करून दिला त्याला मोहाचं झाड ठाऊक नसावं. खेळत्या भांडवलाच्या रकान्यात त्याने कच्चा माल एका महिन्याचा धरला आहे. छापील नमुन्यात तसंच असतं. बेकरीला, मसाल्याच्या चक्कीला ते चालतं. तुझंच गणित करून बघ. दिवसाला १० किलो लाडू, महिन्याला २० दिवस काम, म्हणजे २०० किलो. किलोभर लाडवात ४०० ग्रॅम मोह धरला तर महिन्याला ८० किलो. मे ते पुढचा मार्च अशा अकरा महिन्यांचे ८८० किलो, खराबी धरून १० क्विंटल. भाव किलोला ४० रुपये धरला तर ४० हजार रुपये तुझ्या हातात एप्रिलपर्यंत रोख हवेत. रिपोर्टात आहेत ३,२००. हा माझा अंदाजाचा भाव आहे, तू बाजारातला घाल. पण रिपोर्टावर विसंबून कर्ज घेतलंस तर जूनमध्ये तुझ्याकडे मशीन असेल, शेड असेल आणि मोह नसेल. मग व्यापारी सांगेल त्या भावाने घ्यावा लागेल.

रोख म्हणते आहे, कारण मोह वेचणारी बाई उधार देणार नाही, आणि तिने देऊही नये. पहाटे अंधारात टोपली घेऊन निघालेल्या बाईला आठवडी बाजारातून मीठ-तेल त्याच दिवशी न्यायचं असतं.

दुसरी गोष्ट त्याच पानावर आहे. वर्षाला ३०० दिवस काम, पहिल्या वर्षी क्षमतेच्या ७० टक्के, मग ८०, मग ९०. बेटा, तू अहेरीत राहतेस. जुलै-ऑगस्टमध्ये वीज किती वेळ असते, पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता किती दिवस बंद राहतो, सुरजागडच्या खाणीचे ट्रक धावू लागल्यापासून आलापल्लीकडच्या रस्त्याची पावसात काय दशा होते, हे रिपोर्टवाल्यापेक्षा तुला जास्त माहीत आहे. मग ते तुझ्या कागदात का नाही? तुझ्या गावातल्या पैशालाही हंगाम आहे. धान नोव्हेंबर-डिसेंबरात निघतं, आधारभूत केंद्रावर विकलं तरी चुकारे हाती पडायला वेळ जातो. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर मजुरी मिळते, आणि पत्त्याचा भाव पडला की बोनसही आक्रसतो. दर महिन्याला नेमाने पैसा येतो तो शिक्षक, नर्स, कचेरीतले कर्मचारी यांच्याकडे. लाडू कोण, कोणत्या महिन्यात घेईल, हे यावरून ठरणार.

आणि विक्रीचं तर रिपोर्टात एकच वाक्य आहे, ‘मालाला मोठी मागणी आहे.’ २०० किलो म्हणजे पाव किलोची ८०० पाकिटं, दर महिन्याला. अहेरीत ८०० पाकिटं कोण घेणार? मला खरंच माहीत नाही, आणि तुलाही अजून माहीत नाही. हे घरी बसून लिहून कळणार नाही. इथे तुझ्या गटातल्या बायका बरोबर आहेत: कढई चढवा. मात्र आत्ता, नोव्हेंबरात चढवा. बाजारातून गेल्या हंगामाचा वीस-पंचवीस किलो मोह आजच्या भावाने घ्या. महाग पडेल, पडू दे. फेब्रुवारीपर्यंत दर आठवड्याला थोडे थोडे लाडू करा आणि तीन वेगळ्या ठिकाणी ठेवा: अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयासमोरच्या एखाद्या दुकानात, हेमलकसा-कमलापूरला जाणारे पाहुणे थांबतात त्या आलापल्लीच्या हॉटेलात, आणि वांगेपल्लीच्या पुलावरून तेलंगणातली मंडळी येतात त्या आठवडी बाजारात. पहिलं पाकीट कुणीही कौतुकाने घेतं, ओळखीचे तर हटकून घेतात. तू वहीत नोंद कर ती दुसऱ्यांदा घेणाऱ्याची. उधारीचं पान वेगळं ठेव आणि ते पैसे विक्रीत धरू नकोस. एफएसएसएआयची नोंदणी मात्र पहिल्या पाकिटाच्या आधी करून घे. पाकिटावर वजन, तारीख, किंमत छापलेली हवी.

फेब्रुवारीच्या शेवटी ही वही समोर घेऊन बस. मग आराखडा एका पानात मावेल. महिन्यांचे बारा रकाने आखायचे. प्रत्येकात काय येईल, काय जाईल आणि हातात काय उरेल, एवढंच. एप्रिलच्या रकान्यात मोठा खड्डा दिसेल. तो कशाने भरायचा, हा एकच मोठा प्रश्न तुझ्यापुढे आहे. वहीत महिन्याला ६० किलोच खपलेले दिसले तर १० क्विंटल घ्यायचा विचारही करू नकोस, ३ क्विंटलवर थांब. त्याला गटाची बचत आणि मुद्रा योजनेतलं ५० हजारांच्या आतलं शिशु कर्ज पुरेल; त्याला तारण लागत नाही. शेड नाही, मोठं मशीन नाही. एक पावसाळा माल टिकवून दाखव.

त्या पानाच्या तळाशी आणखी एक ओळ लिही, आणि ती आत्ता, मन शांत असताना लिही: किती पैसे बुडाले की थांबायचं. धंदा अंगाशी येऊ लागला की माणूस घरातलं सोनं काढतो, मग भावाकडून घेतो, मग सावकाराकडून. ही गत झालेले खातेदार माझ्यापुढे बसलेले आहेत. कुणी मूर्ख नव्हतं. थांबायचा आकडा आधी ठरवलेला नव्हता, इतकंच.

मोहाचा आणखी एक पैलू रिपोर्टवाल्याच्या गावीही नाही. तुमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. आमच्या चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली, तुमच्याकडे आजही आहे. मोहफुलांची वाहतूक आणि साठवण यांवरचे निर्बंध राज्य सरकारने २०२१ मध्ये शिथिल केले, हे खरं. तरी दारूबंदीच्या जिल्ह्यात बंद खोलीत काही क्विंटल मोह दिसला तर कुणीतरी विचारणारच. खरेदी शक्यतो ग्रामसभांमार्फत कर, पावती घे, साठ्याची नोंदवही ठेव. नियमांची आजची प्रत कचेरीतून आणून फाईलला लाव. मेंढा (लेखा) गावाची गोष्ट तू शाळेत ऐकली असशील. सामूहिक वनहक्क त्यांना २००९ मध्ये मिळाला, पण स्वतःचा बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना हाती पडायला एप्रिल २०११ उजाडला. हक्क कागदावर येणं आणि माल रस्त्याला लागणं यांत एवढं अंतर पडू शकतं. कागदपत्रांना लागणारा वेळही तुझ्या बारा रकान्यांत धर.

त्या गावाची मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांची अभ्यासगटाची रीत. निर्णय घेण्याआधी बसून विषय समजून घ्यायचा, आणि सगळ्यांना पटल्याशिवाय पुढे जायचं नाही. तुमच्या गटाने तेच करावं. कष्ट कुणाचे किती, मजुरी रोजची की मालावर, नफा कधी वाटायचा, लग्न होऊन एखादी गेली तर तिचे पैसे कधी परत, हे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून लिहून काढा आणि सह्या-अंगठे घ्या. जिला वाचता येत नाही तिलाही ते पाठ हवं. बँक हे विचारत नाही, पण मैत्रिणींचे धंदे मी यावरूनच मोडलेले पाहिले आहेत.

आणि एक लहानशी गोष्ट. झाडाखालचा पाला जाळून वेचलेल्या फुलांत राख-माती येते, आणि तीच आग पुढे जंगलात जाते. झाडाखाली जाळी बांधून गोळा केलेली फुलं स्वच्छ असतात. अशा फुलांना किलोमागे दोन-तीन रुपये जास्त द्यायचं ठरव आणि ते हिशेबात आधीच धर. दाताखाली खडा आलेला लाडू दुसऱ्यांदा कुणी घेत नाही.

मोठं कर्ज घ्यायचं ठरलं, तर रिपोर्ट लागेलच. तिथे वाद घालू नकोस. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात स्वतःचा वाटा ५ टक्के घालून महिलेला गावात ३५ टक्के आणि शहरी भागात २५ टक्के अनुदान मिळतं. अहेरी आता नगरपंचायत आहे, त्यामुळे युनिट अहेरीत टाकलं की शेजारच्या ग्रामपंचायतीत, यानेही फरक पडू शकतो. शिवाय हे अनुदान नव्या उद्योगालाच आहे. म्हणून उद्यम नोंदणी किंवा शेडचं भाडं यांना हात लावण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचार. टक्के आणि मुदती बदलत असतात. अनुदानाची रक्कम हातात येत नाही, ती तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकलेली असते, हेही गटाला आधीच सांग. रिपोर्ट कुणाकडूनही टाइप करून घे, पण आकडे तुझ्या पानावरचे असू देत. मी टेबलापलीकडे बसत होते तेव्हा फाईल उघडण्याआधी समोरच्याला विचारत असे, पावसाळ्यात काय करणार? ज्याने स्वतः हिशेब मांडला आहे तो लगेच बोलू लागतो. दुसऱ्याकडून करून आणलेला माणूस फाईलमध्ये पान शोधतो.

तेव्हा हा जाडजूड रिपोर्ट सध्या कपाटात ठेव. करणाऱ्याचे पैसे राहिले असतील तर देऊन टाक. एक दोनशे पानी वही घे, पहिल्या खरेदीपासून लिही, आणि जानेवारीच्या शेवटी पानांचे फोटो मला पाठव. मी एकेक आकडा तपासून लाल पेनाने खुणा करून पाठवीन. फेब्रुवारीत मी चार दिवस तुझ्याकडे येते; बारा रकाने आपण तुझ्या गटासमोर बसून भरू. आईला नमस्कार सांग. तिचे गुडघे थंडीत धरतात, तिला ओट्यासमोर उभं करून लाडू वळायला लावू नकोस.

तुझी,
मावशी