आधी तार, मग मशीन

मृदुला साताऱ्यात सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. यवतेश्वरचा घाट, कासचा रस्ता, वाईहून वर जाणारा पसरणी घाट अशा रस्त्यांची अवस्था मोजायची, हा तिचा प्रकल्प. पुढच्या काचेला दोन कॅमेरे, जीपीएस, धक्के मोजणारा सेन्सर आणि हे सगळं एकाच घड्याळावर नोंदवणारा, गाडीतच बसवलेला संगणक, अशी तिची मांडणी. गाडी आईची. नाना एसटीच्या आगारात इलेक्ट्रिशियन होते आणि निवृत्तीनंतरही आळीतल्या गाड्यांची वायरिंग त्यांच्याच ओट्यासमोर उघडली जाते. मी ऐकायला बसलो होतो. नाना जिथे भरकटले तेही फारसं गाळलेलं नाही, कारण कामाचं ते बरेचदा भरकटतानाच बोलतात.

मृदुला : नाना, मी तीन मशीन्स निवडलीत. प्रोसेसर, रॅम, किंमत, सगळ्याचा तक्ता केलाय. यातलं कुठलं घेऊ तेवढं सांगा.

नाना : आधी हे सांग, फोनवर का भागत नाही? गाणी आणि नकाशा एवढंच असेल तर गाडीत संगणक घालणं म्हणजे पैसे जास्त झाल्याचं लक्षण.

मृदुला : दोन कॅमेरे आणि सेन्सर यांची वेळ जुळायला हवी. खड्डा दिसला तो क्षण आणि धक्का बसला तो क्षण एकच आहे हे दाखवता आलं पाहिजे. फोनला दोन यूएसबी कॅमेरे लावून दिवसभर चित्रण करणं जमत नाही.

नाना : मग ठीक. दे तक्ता. यात एक रकाना नाहीच! मशीन किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतं?

मृदुला : या छोट्या पीसीच्या अ‍ॅडॉप्टरवर 12 व्होल्ट लिहिलंय. गाडीची बॅटरीही 12ची. म्हणजे सोपंच झालं की! अ‍ॅडॉप्टर काढायचा आणि सरळ जोडायचं.

नाना : अशीच मरतात मशीनं. अगं, 12 हे बॅटरीला दिलेलं नाव आहे. भरलेली बॅटरी निवांत असताना 12.6 दाखवते. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर तिला 14च्या वर नेतो, 14.4 पर्यंत. आणि सेल्फ मारलास की स्टार्टर शंभर-दोनशे अँपिअर ओढतो, तेवढ्या क्षणापुरते तेच 12 आठ-नऊवर उतरतात. बॅटरी म्हातारी असेल तर आणखी खाली. तुझ्या मशीनला घरातल्या अ‍ॅडॉप्टरचे नेमके 12 हवेत. गाडी सुरू करताना ते बंद पडणार आणि गाडी चालू असताना रोज थोडं थोडं भाजणार.

मृदुला : पण 14.4 म्हणजे दोनच व्होल्ट जास्त.

नाना : दोन रोजचे. कधीतरी येणारे शंभर वेगळेच! अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरीचं टर्मिनल सैल होऊन सुटलं, तर त्याचा सगळा जोर वायरिंगमध्ये उसळतो. त्याला लोड डंप म्हणतात. आयएसओ 16750 मानकाच्या दुसऱ्या भागात 12 व्होल्टच्या गाडीसाठी ही चाचणी 79 ते 101 व्होल्टची आहे आणि झटका सेकंदाच्या दशांश-दोन दशांशांचा, फार तर 400 मिलिसेकंदांचा. आजच्या बऱ्याच अल्टरनेटरमध्ये तो साधारण 35 वर दाबायची सोय असते. ती तुझ्या आईच्या गाडीत आहे का, हे मशीन जाळून तपासणार आहेस का? म्हणून मी सांगतो, टर्मिनल घट्ट करा, त्यावर पेट्रोलियम जेली लावा. कुणी ऐकत नाही. पांढरी बुरशी चढलेली टर्मिनलं घेऊन येतात आणि मला विचारतात, स्टिरिओ का गेला?

मृदुला : मग इन्व्हर्टर लावू? सिगारेट लायटरमध्ये घालायचा मिळतो, 230 व्होल्ट देतो. त्यात घरचाच अ‍ॅडॉप्टर.

नाना : 12चे 230 करायचे आणि 230चे परत 12 करायचे. दोन्ही वेळा आठवा-दहावा हिस्सा उष्णतेत जातो आणि हातात तीन-चतुर्थांश उरतं. वर त्या इन्व्हर्टरचा पंखा रिकामाही फिरत राहतो. डब्यावर छापलेले वॉट तर विचारूच नकोस. माझ्या हातून उघडलेल्या एका डब्यावर 300 वॉट होतं आणि आतल्या तारेवरून मी त्याला 100 सुद्धा दिले नसते.

मृदुला : बरं, नको. मग काय घ्यायचं?

नाना : मधे डीसी-टु-डीसी सप्लाय. आत 6 पासून 30 व्होल्टपर्यंत काहीही येवो, बाहेर स्थिर 12 देणारा. नुसता व्होल्ट खाली आणणारा चालणार नाही, कारण सेल्फच्या वेळी त्याला वर चढवायचेही असतात. मिनी-बॉक्सचा एम-4 एटीएक्स नावाचा बोर्ड यासाठीच आहे: 6 ते 30 व्होल्ट, 250 वॉट. तो पीसीच्या मोठ्या मदरबोर्डसाठी, तुला एवढा लागणार नाही. पण तो बघ, म्हणजे चांगल्या सप्लायमध्ये काय काय असतं ते कळेल. दुसरा मार्ग म्हणजे कारखान्यात वापरतात तसला बिनपंख्याचा औद्योगिक पीसी. 9 ते 36 व्होल्ट थेट घेतो, इग्निशनची तार लावायची पिनही काहींना असते. नवा घेतलास तर महाग. जुना मिळाला तर सोडू नकोस.

(गाडीत संगणक बसवण्याची हौस नवी नाही. 1998 मध्ये क्लॅरिऑनने विंडोज सीईवर चालणारा ऑटो पीसी बाजारात आणला. 2001 मध्ये तैवानच्या व्हिया कंपनीने 17 सेंटिमीटर चौरसाचा मिनी-आयटीएक्स बोर्ड आणला आणि हौशी लोकांनी तो डिकीत, सीटखाली, डॅशबोर्डच्या कप्प्यात कोंबला. पुढे फोनने गाणी आणि नकाशे पळवले. उरली ती मृदुलासारख्यांची कामं.)

मृदुला : पण नाना, खरी भीती वेगळीच आहे. सकाळी आईची गाडी सुरू झाली नाही तर? तिला साडेसहाला कोरेगावच्या शाळेसाठी निघायचं असतं.

नाना : तर मग गणित कर. पीसी किती वॉट खातो?

मृदुला : काम करताना वीस धरू. कॅमेरे दोन्ही मिळून पाच, स्क्रीन दहा. पस्तीस.

नाना : सप्लायची गळती धरून चाळीसच्या आत. 12ने भागलं की सव्वातीन अँपिअर. आईच्या गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासाची असेल तर त्यातली अर्धीच आपली. अर्ध्याच्या खाली वारंवार नेलेली बॅटरी लवकर मरते. म्हणजे इंजिन बंद ठेवून पाचएक तास. घाटात गाडी बाजूला लावून जेवलीस तर काही बिघडत नाही.

मृदुला : आणि रात्रभर?

नाना : रात्री तो चालू कशाला राहील?

मृदुला : स्लीपमध्ये ठेवला तर? सकाळी लगेच उठेल.

नाना : स्लीपमध्ये दीड वॉट धर. दिवसाला 3 अँपिअर-तास. गाडीचं स्वतःचं घड्याळ, लॉक वगैरे पाऊण खातं ते वेगळं. दिवाळीच्या सुट्टीत गाडी आठवडाभर उभी राहिली की संपला खेळ. स्लीप नाही, पूर्ण बंद.

मृदुला : मी विसरले तर?

नाना : तुझ्या आठवणीवर गाडी सोडायचीच नाही. सप्लायला तीन तारा असतात. एक बॅटरीची कायमची, एक बॉडी अर्थ, तिसरी इग्निशनची. चावी बंद झाली की सप्लायला तिसऱ्या तारेवरून कळतं. तो काही सेकंद थांबतो आणि पीसीचं पॉवर बटण स्वतः दाबल्यासारखा इशारा देतो. पीसी फाइली मिटवून नीट बंद होतो. मग ठरलेल्या वेळाने सप्लाय वीजच तोडतो आणि स्वतः काही मिलिअँपिअरवर पडून राहतो. म्हणून मशीन घेताना बघ, पॉवर बटणाच्या दोन पिना आतून सापडतात का. आणि बायोसमध्ये वीज आली की आपोआप सुरू व्हायची सोय आहे का. तुझ्या तक्त्यात हे दोन्ही रकाने हवे होते.

मृदुला : पण समजा तो इशारा गेलाच नाही, पीसी हँग झाला...

नाना : म्हणून चौथी गोष्ट, कमी व्होल्टचा कट-ऑफ. बॅटरी मिनिटभर 12च्या खाली राहिली की काहीही चालू असो, वीज बंद. मिनिटभर हे महत्त्वाचं. नाहीतर सेल्फ मारल्याबरोबर तुटेल.

मृदुला : पण मग आई...

नाना : आईला एक जंपर केबल घेऊन दे आणि हा विषय सोड!

(तिने तो सोडला नाही. पुढच्या तासाभरात आणखी दोनदा काढला. खरं तर मलाही तेच विचारायचं होतं.)

मृदुला : बरं, प्रोसेसर. रास्पबेरी पाय 5 घेऊ का? सगळे तोच वापरतात.

नाना : छान आहे, पण त्याला 5 व्होल्टला 5 अँपिअर हवेत. गाडीतले चार्जर तेवढे बहुधा देत नाहीत. 3 अँपिअरचा सप्लाय दिलास तर तो यूएसबीच्या सगळ्या जोडण्यांना मिळून 600 मिलिअँपिअरवर आणून ठेवतो. मग तुझे दोन कॅमेरे अर्धपोटी. दुसरं, पाय 4 मध्ये व्हिडिओ दाबून साठवायची वेगळी यंत्रणा चिपमध्येच होती, 5 मध्ये ती काढलीय. सगळा भार प्रोसेसरवर. तुझं कामच चित्रणाचं. इंटेलचा एन 100 घेतलास तर 6 वॉटच्या वर्गातली चिप आहे, चार कोअर आणि व्हिडिओची यंत्रणा आत. तुझ्या कामाला पुरून उरेल. त्याहून मोठा घेऊ नकोस. मोठा म्हणजे जास्त वॉट, जास्त उष्णता, पंखा, धूळ.

मृदुला : घड्याळाचं काय? कासला नेटवर्क कुठलं!

नाना : वेळ जीपीएसवरून घे. पण मशीनचं स्वतःचं घड्याळ सेलवर चालणारं हवं. पाय 4 मध्ये ते नव्हतंच. 5 मध्ये आहे, सेल वेगळा विकत घ्यावा लागतो.

मृदुला : साठवणीला जुनी हार्ड डिस्क पडलीय घरी, 1 टीबीची.

नाना : रस्त्याचे खड्डे मोजायला निघालीस आणि फिरणारी तबकडी घेऊन? एसएसडी घे. हिशेब सोपा आहे: साध्या फुल एचडीला सेकंदाला 1 एमबी धरला तर दोन कॅमेऱ्यांचे तासाला सात जीबी. 500 जीबीत आठवड्याचं काम मावतं. मेमरी कार्डवर मात्र सिस्टिम चालवू नकोस, लिहिता लिहिता वीज गेली तर कार्डच वाचेनासं होऊ शकतं. आणि चित्रण पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत कर. काही झालंच तर शेवटचा तुकडा जाईल.

मृदुला : डबा डॅशबोर्डवर ठेवला तर वायरी आखूड लागतील.

नाना : डॅशबोर्डवर? अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टेंपी शहरात उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांवर 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. आतली हवा सरासरी 47 अंश आणि डॅशबोर्ड 69. आपल्या विदर्भात मे महिन्यात याहून वेगळं काय होणार? साध्या एसएसडीची मर्यादाच 70ची. पाय तर चिप 80ला पोचली की वेग उतरवायला लागतो. डबा पुढच्या सीटखाली, पण गालिच्यावर नाही. पावसाळ्यात बुटांचं पाणी तिथेच साचतं. दोन बोटं वर, पट्टीवर बसव. उन्हातल्या गाडीत आधी काचा उघड, एसी लाव, मग पीसी सुरू कर.

मृदुला : स्क्रीन?

नाना : साधा 250 निटचा उन्हात दिसत नाही. 800च्या पुढचा बघ किंवा शेजारी बसणाऱ्याच्या मांडीवर सावलीत दे. गाडी चालवणाऱ्याने त्याकडे बघायचंच नाही. झालं. आता वायरिंग.

मृदुला : ते फिटर करेल ना? अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातला.

नाना : (इथे नाना उभे राहिले.) तो काय करेल ते ऐक. हेडलाइटच्या वायरीचं इन्सुलेशन कापेल, तुझी तार पिळेल, वर काळी टेप. उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळतो, पावसात तांबं हिरवं पडतं आणि दोन वर्षांनी ती गाडी माझ्या ओट्यासमोर येते. आगारात आम्हाला लूज जोडाबद्दल मेमो मिळायचा. आता पैसे मिळतात! तू तार थेट बॅटरीवरून घे. अडीच स्क्वेअर एमएमची, क्रिंप केलेले लग लावून. आणि बॅटरीच्या धनाग्रापासून वीतभर अंतरात साडेसात अँपिअरचा फ्यूज.

मृदुला : पीसीच्या आत फ्यूज असेल की.

नाना : हा फ्यूज पीसीसाठी नाहीच, तारेसाठी आहे. फायरवॉलच्या भोकात तार घासून बॉडीला टेकली तर मधल्या पाच मीटरला वाचवणारं दुसरं कोण? त्या भोकात रबरी ग्रोमेट घाल. आणि स्पीकरला आवाज जोडणार असशील तर पीसी आणि स्टिरिओचं अर्थ एकाच बिंदूवर घे, नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी शीळ ऐकत बसशील.

मृदुला : स्पीकर नकोयत. पण पुढे कॉलेजची बस मिळाली तर हेच सगळं तिच्यात बसवता येईल?

नाना : मोठी बस 24 व्होल्टची, चालू असताना 28. आज 30पर्यंत घेणारा सप्लाय घेतलास तरी काठावर, 36वाला घेतलास तर निवांत. आता घरी जा. बॉनेट उघडून बॅटरीवर किती अँपिअर-तास लिहिलंय ते बघ आणि तीन आकडे लिहून आण: रात्रभर उभ्या गाडीचे व्होल्ट, सेल्फ मारतानाचे, इंजिन चालू असतानाचे. साधा मीटर सेल्फचा तळ पकडत नाही, माझा मिन-मॅक्सचा घेऊन जा. सेल्फमध्ये आकडा आठच्याही खाली गेला, तर संगणकाचे पैसे आधी नव्या बॅटरीत घाल.