राजधानीतून घाटमाथ्यावर : खंडाळा व मावळ परिसराची ओळख

महाराष्ट्राच्या राजधानीत दर्शनासाठी येणाऱ्या भाविकांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. मुंबादेवी, महालक्ष्मी, वाळकेश्वर, प्रभादेवीचा सिद्धिविनायक आणि वेळ उरल्यास गेट वे ऑफ इंडिया व राणीची बाग. एवढे पाहून झाल्यावर हाती एक-दोन दिवस शिल्लक असतील, तर बोरघाट चढून खंडाळ्यास जावे, असे मुंबईतील आप्तेष्ट हमखास सुचवितात. कारण सांगितले जाते ते थंड हवेचे. हवा चांगली आहेच. परंतु मुंबई पाहिलेल्या यात्रेकरूने हा घाट चढावा, यास त्याहून मोठे कारण आहे. मुंबई हे ज्या कोळी बांधवांचे मूळ गाव, त्यांची मुंबादेवी बेटावर आहे. आणि त्यांच्यापैकी असंख्य घराण्यांची कुलस्वामिनी एकवीरा मात्र घाटमाथ्यापलीकडे, कार्ल्याच्या डोंगरात आहे. आगरी व चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजांतील अनेक घराण्यांचेही हेच कुलदैवत. समुद्रावर उपजीविका करणाऱ्यांची कुलस्वामिनी समुद्रापासून इतक्या दूर, डोंगरात कशी, असा प्रश्न नवख्या भाविकास पडतो. बोरघाटाची वाट नीट पाहिली म्हणजे ह्या प्रश्नातील आश्चर्य पुष्कळ कमी होते.

बोरघाट

कोकणातील बंदरांना देशावरच्या बाजारपेठांशी जोडणाऱ्या ज्या प्राचीन घाटवाटा सह्याद्रीत आहेत, त्यांत बोरघाटाचे स्थान फार वरचे. सोपारा आणि कल्याण येथे उतरलेला माल ह्याच परिसरातून वर चढत असे. इंग्रजी अमदानीत १८३० साली गाडीरस्ता खुला झाला. पुढे १८५६ मध्ये लोहमार्गाचे काम सुरू होऊन १८६३ मध्ये घाटातून आगगाडी धावू लागली. सदर मार्गावर पंचवीस बोगदे खोदावे लागले. काम ऐन भरात असताना एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर घाटात राबत होते, आणि पटकी व इतर रोगांनी त्यांतील हजारो दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये, येथे येताच अल्पावधीत, मरण पावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम हाती घेऊन ते पूर्ण करविले. आजही कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडली जातात व ती गाडीस वर ढकलतात. तेवढ्या वेळात फलाटावर वडा-पाव घेण्याची जुनी रीत आहे. मात्र गाडी सुटण्याच्या बेतात असताना खाली उतरू नये.

जुन्या रस्त्याने मोटारीतून जाणाऱ्यांना खोपोलीहून घाट चढताना शिंग्रोबाचे मंदिर लागते. घाटातून मार्ग कोठून काढावा हे साहेबांना उमगेना, तेव्हा गुरे राखणाऱ्या शिंग्रोबा नावाच्या धनगराने वाट दाखविली, आणि बक्षीस म्हणून त्याला प्राणास मुकावे लागले, अशी कथा सांगितली जाते. कागदोपत्री पुराव्याचा आग्रह येथे कोणी धरत नाही. वाहनचालक पिढ्यान्‌पिढ्या येथे नाणे वाहून पुढे जातात. ज्यांच्या नावाचा एकही दगड नाही अशा त्या हजारो मजुरांचे स्मरण घाटात कोठे होत असेल, तर ते येथेच.

१८३० च्या रस्त्याबरोबर बांधलेला, जुन्या प्रवाशांच्या ओळखीचा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला. जुन्या माहितीपत्रकांत त्याचे छायाचित्र पाहून कोणी शोध घेऊ नये.

खंडाळा

मुंबई-पुणे मार्गावरील बहुतेक गाड्या लोणावळ्यास थांबतात, खंडाळ्यास फार थोड्या. त्यामुळे लोणावळ्यास उतरून रिक्षाने मागे खंडाळ्यास येणे सोयीचे. राजमाची पॉइंटवरून समोर राजमाची किल्ल्याचे श्रीवर्धन व मनरंजन हे दोन बालेकिल्ले दिसतात. हे ठिकाण केवळ छायाचित्रासाठी नाही. खाली दरी, दरीतून चढणारी वाट आणि वाटेवर नजर ठेवणारा जोडकिल्ला अशी सर्व रचना येथे एका दृष्टिक्षेपात कळते. लहान मुलांना इतिहास समजावून सांगण्यास याहून सोपी जागा ह्या भागात नाही.

दुसरे स्थळ नागफणी. नागाने फणा काढावा तसा हा सुळका. इंग्रजांना तो वेलिंग्टनच्या ड्यूकच्या नाकासारखा भासला, म्हणून त्यांनी त्यास ‘ड्यूक्स नोज’ म्हटले. नागफणीच्या पायथ्याकडील कुरवंडे गावावरून कोकणात उतरणारा कुरवंडे घाट आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखान, सोबत रायबागन, मोठी फौज घेऊन ह्याच बाजूने खाली उतरला आणि उंबरखिंडीच्या अरण्यात शिवाजी महाराजांनी त्याची पुरती कोंडी केली. खानास शरण येऊन, सामानसुमान टाकून माघारी फिरावे लागले. नागफणीवर जाण्यास सकाळची वेळ उत्तम. कड्यावर कठडे सर्वत्र नाहीत, हे लक्षात ठेवावे.

कार्ले : देवी व लेणी

लोणावळ्याहून पुण्याच्या दिशेने सुमारे ११ किलोमीटरवर कार्ला फाटा व तेथून आत वेहेरगाव. ‘वेहेर’ म्हणजे विहार, अशी ह्या नावाची उपपत्ती सांगतात. पायथ्यापासून देवीपर्यंत पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. वाहन निम्म्या उंचीपर्यंत जाते, तेथून उरलेली चढण वृद्धांनाही थांबत थांबत जमते. तरीही गुडघ्यांचा विकार असलेल्यांनी पाच पायरीच्या मंदिरात दर्शन घेऊन समाधान मानावे. त्यात कमीपणा नाही. चैत्र शुद्ध सप्तमीचा पालखी सोहळा व नवरात्र ह्या काळात अलोट गर्दी असते. प्रथमच येणाऱ्या कुटुंबांनी ते दिवस टाळून साधा वार निवडावा. देवस्थानाने जुलै २०२५ पासून पोशाखाविषयी नियम केले आहेत, तेही निघण्यापूर्वी ध्यानात घ्यावेत.

दर्शन झाल्यावर बहुसंख्य भाविक तेथूनच पायऱ्या उतरू लागतात. मंदिराला लागूनच असलेले लेणे पाहण्यास वेगळे तिकीट पडते, म्हणून पुष्कळांचे पाय वळत नाहीत. हे टाळावे. भारतातील कोरीव चैत्यगृहांत हे सर्वांत मोठे आहे. खोली सुमारे ३८ मीटर, उंची सुमारे १४ मीटर. दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा खांब, आणि खांबांच्या माथ्यावर गुडघे टेकलेल्या हत्तींवर बसलेली स्त्री-पुरुषांची युगुले. वर छताला असलेल्या लाकडी कमानी खऱ्याखुऱ्या सागवानाच्या असून सुमारे दोन हजार वर्षे त्या तेथेच आहेत. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटे शांत उभे राहावे. गोंगाट करीत आत शिरणाऱ्यांना यातील काहीच दिसत नाही.

देणगीदार भाविकांनी येथील शिलालेख विशेष लक्ष देऊन पाहावेत. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. हे लेणे एका राजाने खोदविलेले नाही. ते वर्गणीतून उभे राहिले आहे. वैजयंती येथील भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण करविल्याचे नमूद केले असून, ते जंबुद्वीपात उत्तम असल्याचेही अभिमानाने सांगितले आहे. प्रवेशद्वाराशी असलेला सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचे दान. दाराचे काम धेनुकाकट येथील सामिन नावाच्या सुताराचे, आणि त्याच गावच्या सिंहदत्त नामक सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या गांधिकाचे नाव दाराच्या दात्यांत आहे. खांबांवर यवन म्हणवणाऱ्या दात्यांची नावे आहेत. महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई भायिला हिचेही आहे. एक खांब सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने, म्हणजे धर्मग्रंथांचे पठण करणाऱ्याने, दिलेला आहे. सोपारा म्हणजे आजच्या मुंबईच्या उत्तरेस असलेले नालासोपारा. म्हणजे किनाऱ्यावरील माणूस घाट चढून ह्या डोंगरात येतो व आपली कमाई येथे अर्पण करतो, हा परिपाठ किमान दोन हजार वर्षांचा आहे. आज कोळीवाड्यांतून निघणाऱ्या पालख्या त्याच दिशेने येतात. देवतेचे स्वरूप पालटले, वाट तीच राहिली.

ह्या खांबांवरील दानलेखांत नाव आहे, गाव आहे, कोठे धंदाही आहे. दिलेली रक्कम मात्र नाही. सुतार आणि श्रेष्ठी एकाच छताखाली, जवळजवळ सारख्याच आकाराच्या अक्षरांत नोंदले गेले आहेत. आधुनिक देणगीफलक तयार करणाऱ्यांनी येथे येऊन जावे. अक्षरांना हात लावू नये; घामाने व तेलाने दगड झिजतो. मळवट भरलेल्या हातांनी खांबांना स्पर्श करणे हा भक्तीचा भाग नव्हे.

सिंहस्तंभाच्या जोडीचा दुसरा स्तंभ एके काळी उजव्या बाजूस असावा व त्याच जागी आज देवीचे मंदिर असावे, असे अभ्यासकांचे मत आहे.

भाजे व लोहगड

कार्ल्याच्या समोरच्या डोंगरात, लोहमार्गाच्या पलीकडे, भाजे लेणी आहेत. लोणावळ्याहून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने मळवलीस उतरावे. तेथून पायी अर्धा तास पुरतो. ही लेणी कार्ल्याहून जुनी, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील. चैत्यगृहाचे खांब आतल्या बाजूस कललेले आहेत, कारण लाकडी बांधकामाची सवय असलेल्या कारागिरांनी दगडातही तीच पद्धत ठेवली. टोकाच्या विहारातील रथारूढ सूर्य आणि हत्तीवरील इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पे न पाहता परतू नये. बाजूस चौदा स्तूपांचा समूह आहे. ती दिवंगत स्थविरांची स्मारके होत.

त्याच रस्त्याने पुढे लोहगड. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत हा आहे. पायऱ्या चांगल्या आहेत. विंचूकाट्याची सोंड मात्र धुक्यात जाण्याची जागा नाही.

पाऊस व पाणी

लोणावळा-खंडाळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि दर्शन आटोपून ‘थोडे पाण्यात जाऊ’ म्हणणाऱ्या कुटुंबांवर आपत्ती ओढवते ती ह्याच दिवसांत. भुशी धरण हे रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधलेले. त्याच्या मागील डोंगरातून येणारे ओहोळ दिसायला लहान असतात. वर डोंगरावर सर कोसळली की काही मिनिटांत त्यांचा लोंढा होतो. खाली उभ्या असलेल्यास तोपर्यंत आकाश स्वच्छही दिसत असते. ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण तेथे वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. १५ जून २०२५ रोजी इंदोरीजवळील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळून चौघांचा मृत्यू झाला. पाणी गढूळ झाले, आवाज वाढला किंवा पालापाचोळा वाहत येऊ लागला, की वस्तू गोळा करीत न बसता तत्काळ काठ गाठावा. प्रशासनाने बंदी घातलेल्या ठिकाणी स्थानिक दुकानदार ‘काही होत नाही’ म्हणाला तरी जाऊ नये. पुलावर उभे राहून छायाचित्रे काढू नयेत. बरोबर वृद्ध व मुले असल्यास धबधबा रस्त्यावरून पाहिला तरी पुरे.

ह्या पाण्याविषयी आणखी एक गोष्ट भाविकांनी जाणून घ्यावी. इंद्रायणीचा उगम येथलाच, कुरवंड्याच्या परिसरातला. लोणावळ्यातून ती कामशेतवरून कुंडमळ्यास व तेथून देहूस जाते, पुढे आळंदीस, आणि तुळापूरला भीमेस मिळते. तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. म्हणजे भुशीच्या पायऱ्यांवर टाकलेली पाण्याची बाटली व चिक्कीचा कागद वारकऱ्यांच्या तीर्थातच पोहोचतो. राजधानीचाही ह्या पाण्याशी संबंध आहे. वळवण, शिरोता व लोणावळा येथील तलावांचे पाणी नळांतून खोपोलीस उतरवून टाटांनी १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविली.

मुक्कामासाठी लोणावळ्यात सर्व प्रकारची व्यवस्था आहे. शांतता हवी असल्यास कार्ल्याकडील निवास बरे. पहिला दिवस खंडाळा व नागफणी, दुसरा कार्ले व भाजे, एवढेच ठेवावे. पुण्याकडे पुढे जाणाऱ्यांनी बेडसे लेणी, भंडारा डोंगर, देहू अशा क्रमाने जावे, म्हणजे नदीची सोबत राहते. मुंबईस परतणाऱ्यांच्या पिशवीत चिक्की असतेच. तिच्याबरोबर इंद्रायणी तांदूळही घ्यावा. हे वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार होऊन १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आले. भात सुवासिक पण चिकट होतो, तेव्हा शिजविताना पाणी बेताचेच घालावे.