श्राव्य संवादाचे रसग्रहण : ‘पुन्हा प्रपंच’च्या निमित्ताने

कवितेचे, नाटकाचे रसग्रहण आपण वर्गात शिकतो. परंतु रेडिओवरील संभाषणाचेही रसग्रहण करता येते, हे सहसा कोणी सांगत नाही. गप्पा म्हणजे ऐकून सोडून द्यावयाची गोष्ट, अशी आपली समजूत असते. मुंबई आकाशवाणीवरील ‘प्रपंच’ आणि नंतरचा ‘पुन्हा प्रपंच’ हे कार्यक्रम विचारात घेतले, की ही समजूत डळमळू लागते.

पात्रे तीनच. पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू (म्हणजेच करुणा देव) आणि प्रभाकर जोशी यांचे हे आवाज एका पिढीच्या कानांत अक्षरशः मुरलेले होते. मध्यमवर्गीय घरातल्या गप्पांमधून भोवतालच्या समाजाचे प्रश्न पुढे येत, हे या कार्यक्रमाचे थोडक्यात स्वरूप.

तीनच पात्रे का, याचा थोडा विचार करू. दोघेच बोलू लागले, की एक प्रश्न विचारतो, दुसरा उत्तर देतो आणि गप्पांची मुलाखत होते. चारपाच जण असले, तर केवळ कानाने कोण कोण हे ओळखणे कठीण जाते. तिसरा माणूस असला, की बाजू बदलत राहतात. नवराबायकोच्या वादात पाहुणा कधी एकाला मिळतो, कधी दुसऱ्याला. क्वचित दोघेही त्याच्यावर उलटतात. श्रोता त्याच घरात चौथा म्हणून बसलेला असतो. त्याला कोणी विचारीत नाही, पण कौल त्याचा त्यालाच द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट लेखनाची. रंगभूमीवर नट नुसती मान वळवतो आणि अर्थ पोहोचतो. रेडिओवर ती सोय नाही. म्हणून ‘अहो’, ‘भावजी’, ‘वहिनी’ ही संबोधने केवळ आपुलकीची नसतात. कोण कोणाशी बोलते आहे हे तीच दाखवितात. वाक्य आखूड हवे, कारण श्रोत्याला मागचे पान उलटता येत नाही. कागदावर लिहिलेले असूनही ते आत्ताच सुचल्यासारखे वाटावे, ही खरी कसोटी. आपल्यापैकी जे वक्तृत्व स्पर्धेत पाठ केलेले भाषण घडाघडा म्हणतात, त्यांनी (रागावू नये) हे विशेष ध्यानात घ्यावे.

आमच्या बाळकुममधील शेजारच्या एक वृद्ध बाई म्हणतात, की वहिनींची भाषा शहरातली होती, पण भांडण आमच्याच घरातले होते. या एका वाक्यात स्तुती आहे आणि टीकाही आहे. बाळकुम, ढोकाळी, कोलशेत या पट्ट्यातली आगरी-कोळी बोली पंतांच्या घरात बोलली जात नव्हती. प्रमाण मराठीच्या या घराला सर्वांचे घर म्हणावयाचे असेल, तर ही उणीव मान्य करूनच म्हणावे लागेल.

याहून अवघड प्रश्न सरकारी माध्यमाचा आहे. ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ हे आकाशवाणीचे ब्रीद. परंतु १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात ती सरकारचा भोंगा झाली, हे सर्वश्रुत आहे. स्वायत्ततेच्या विचारासाठी नेमलेल्या वर्गीज समितीचा अहवाल १९७८ साली आला, प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला आणि तो अंमलात येण्यास १९९७ साल उजाडले. अशा माध्यमातील घरगुती संवादाकडे प्रचार म्हणून पाहावे की विचार म्हणून?

माझ्या मते याचे उत्तर शंकेत सापडते. पात्राच्या तोंडी घातलेली शंका केवळ पुढच्या उत्तरासाठी पेरलेली असेल, तर तो प्रचार होय. मग तो कितीही गोड आवाजात असो. शंका उत्तरानंतरही थोडी शिल्लक राहिली, वहिनींच्या ‘पण’ला भावजींना चटकन काही सुचले नाही, की संवादाला सुरुवात झाली असे समजावे. दूरचित्रवाणीवरील आजच्या चर्चांत आवाज पुष्कळ असतात, पण असा ‘पण’ क्वचितच ऐकू येतो. तेथे प्रत्येक जण उत्तर घेऊनच आलेला असतो.

हे प्रत्यक्ष करून पाहावयाचे असल्यास आकाशवाणीवरील कोणतीही चर्चा कागद-पेन्सिल घेऊन ऐकावी. कोण काय म्हणाले, हे न लिहिता कोणी कोणाचे ऐकून आपले वाक्य बदलले, एवढेच टिपावे.