मेडिकलच्या काउंटरमागची जबाबदारी

बारावी सायन्सचा निकाल लागला की नाचणगाव-पुलगावच्या अनेक घरांत एकच चर्चा रंगते. नीटचे गुण एमबीबीएसला पुरत नाहीत, मग डी. फार्म. करावं का? एवढी फी भरून शेवटी मेडिकलमध्येच बसायचं का, ही पालकांची धास्ती समजण्यासारखी आहे.

पण हे काम कायद्यानं राखून ठेवलेलं आहे. फार्मसी कायदा, 1948 च्या कलम 42 नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. नोंदणी महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल करते, दुकानाचा परवाना अन्न व औषध प्रशासन (एफडीए) देतं. आयुक्त महेश झगडे यांच्या काळात एफडीएनं फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर कारवाई केली, तेव्हा विक्रेत्यांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला होता.

या कामाचं मोल सर्वांत ठळक दिसतं ते क्षयरोगात. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 या कडक नोंदी लागणाऱ्या यादीतली औषधं विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि त्याचं प्रमाण वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. क्षयरोगाची औषधं त्यातच येतात. मार्च 2018 च्या अधिसूचनेनं तर अशा रुग्णाची माहिती आरोग्य यंत्रणेला कळवणं औषध दुकानांनाही बंधनकारक केलं. खासगी डॉक्टरकडे गेलेला रुग्ण या नोंदीमुळे सरकारी यंत्रणेला कळतो. त्याला पोषणासाठी दरमहा 1000 रुपये मिळू शकतात. तो मधेच गोळ्या थांबवू लागला, तर आरोग्यसेवक घरी पोहोचू शकतो. उपचार अर्धवट सुटले की औषधांना न जुमानणारा क्षयरोग बळावतो.

वाटाही अनेक आहेत. डी. फार्म. दोन वर्षांचं, शिवाय 500 तासांचं प्रशिक्षण; 2022 च्या नियमांनी नोंदणीपूर्वी एक्झिट परीक्षाही आणली. त्यानंतर बी. फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. जिल्हा परिषदेत औषध निर्माण अधिकारी होता येतं. एमपीएससीतून औषध निरीक्षक व्हायचं तर पदवीच हवी.

सर्टिफिकेट भाड्यानं देण्याचा मोह मात्र टाळावा. दुकानात न बसता महिन्याला पैसे मिळतात खरे, पण त्यात नोंदणीच जाऊ शकते आणि क्षयरोगाच्या त्या रजिस्टरला वाली उरत नाही.

प्रवेशाआधी पालकांनी दोन गोष्टी तपासाव्यात: फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता यंदाच्या वर्षासाठी आहे का, आणि प्रशिक्षणाचे 500 तास नेमके कोणत्या रुग्णालयात किंवा दुकानात होणार.